हातात स्टिअरिंग, पोटात गोळा

या पुस्तकाचा कच्चा खर्डा ज्यांनी वाचला, त्यांतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: चिंतेवरच्या पुस्तकात घाट, बोगदे आणि हाफ क्लच कशाला? परीक्षेची भीती आहे, नोकरी टिकेल की नाही हा घोर आहे, मुलं परदेशी गेल्यावरची रात्रीची जाग आहे, रिपोर्ट हातात येईपर्यंतची धाकधूक आहे. एवढं सगळं असताना ड्रायव्हिंगला तीन प्रकरणं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देता देता विषयाचीही ओळख होईल, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एरवीच्या आयुष्यात चिंता पकडीत येत नाही. ऑफिसात बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा आला तर तो उठून चहा घेऊन येतो, मोबाइल काढतो, शेजारच्याशी दोन शब्द बोलतो. गोळा कशाने आला आणि कशाने गेला, हे त्याचं त्यालाही कळत नाही. गाडीत ही सोय नाही. डावीकडे ट्रक, उजवीकडे दुभाजक, मागे हॉर्न. उठून जायला जागा नाही. मनात आलेला विचार, त्यामागोमाग वाढलेली धडधड, घाबरून केलेली कृती आणि त्या कृतीचे पुढच्या काही महिन्यांत झालेले परिणाम हे सगळं गाडीत सुटं सुटं दिसतं. एकदा ते तिथे नीट पाहिलं की ऑफिसातला गोळाही ओळखता येतो.

एक उदाहरण घेते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. चिंचवडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई. चाळिशीच्या आतल्या, गाडीवर हात बसलेला, माहेर पनवेलला. अधूनमधून एक्स्प्रेसवेने माहेरी जायचं हा नेहमीचा परिपाठ. एका रविवारी घाट उतरून, खोपोली मागे टाकून त्या भाताणच्या बोगद्यात शिरल्या. हा बोगदा किलोमीटरभर लांबीचा. आत गेल्यावर पुढच्या कंटेनरचे ब्रेकलाइट लागले आणि लेन जेमतेम सरकू लागली. मनात आलं, ‘इथेच अडकलो तर?’ त्याबरोबर छाती धडधडायला लागली. एसी चालू असून कानशिलं तापली, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, समोरचा रस्ता खरा नाही, पडद्यावर दिसतोय असं वाटलं. मागच्या सीटवर लेक पेंगत होती. ‘आता मला चक्कर येणार आणि गाडी भिंतीवर जाणार,’ या विचाराने त्यांनी स्टिअरिंग इतकं आवळून धरलं की दुसऱ्या दिवशी मनगटं दुखत होती. काही मिनिटांत गाडी बाहेर आली. चक्कर आली नाही. गाडी कुठे घासलीसुद्धा नाही.

पुढच्या वेळी माडप आणि भाताणचे बोगदे येण्याआधीच त्यांनी खोपोलीला गाडी खाली घेतली आणि जुन्या हायवेने पनवेल गाठलं. ‘एक्झिटचा इंडिकेटर दिला ना, तेव्हा इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू,’ असं त्या म्हणाल्या. माझ्या मते त्यांचं दुखणं बोगद्यात सुरू झालंच नव्हतं. ते सुरू झालं या इंडिकेटरपाशी. त्यानंतर कामशेतचा बोगदा, ज्यात पूर्वी कधी काही झालं नव्हतं, तोही नकोसा झाला. जुन्या हायवेवर ट्रकमागे अडकलं तरी धडधड होऊ लागली. मग नवरा शेजारी असेल तरच. मग नवऱ्याने चालवली तरच. मग ‘बाबा, या वेळी तुम्हीच या ना इकडे.’ शेवटी गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून हलेना आणि तिची बॅटरी उतरू लागली.

बोगद्यात काय घडलं ते समजायला शरीरशास्त्र थोडंच लागतं. धोक्याची शंका आली की मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, विचार पुरता व्हायच्या आत, सूचना देऊन मोकळा होतो. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात. हृदय वेगाने चालतं, श्वास वाढतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, पोटातलं पचनाचं काम थांबतं. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या तयारीचं वर्णन केलं: लढण्याची किंवा पळण्याची तयारी. आता पळायचं असतं तर वाढलेला श्वास कामी आला असता. सीटबेल्ट लावून बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो. नुसत्या बसल्या जागी भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली येतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. बाईंना जे जे झालं ते सगळं या हिशेबात बसतं. प्राणवायू कमी पडलेलाच नसतो. म्हणून ‘मोठा श्वास घे, मोठा’ हा शेजारी बसलेल्या माणसाचा प्रेमळ सल्ला उलटा पडतो. श्वास नेहमीएवढाच घ्यावा आणि सोडताना सावकाश, लांबवत सोडावा. भ्रामरी करणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. कपालभाती मात्र त्या वेळी नको.

आणि चक्कर? घेरी येऊन पडायचं तर रक्तदाब घसरावा लागतो. भीतीने गांगरलेल्या माणसाचा रक्तदाब चढलेला असतो. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना खरोखर घेरी येते, त्यांचं शरीर वेगळं वागतं आणि त्यांच्यासाठी उपायही वेगळे आहेत. ते पुस्तकात पुढे येतील. बाकीच्यांना चक्कर येणार असं वाटतं, पण ते पडत नाहीत. भीतीचा हा झटका साधारण दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि मग आपोआप उतरतो. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेलं सूत्र मला रोज उपयोगी पडतं. शरीरात काहीतरी जाणवतं, माणूस त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’, ‘चक्कर’, ‘वेड लागणार’ असा लावतो, त्या अर्थाने आणखी घाबरतो, घाबरल्याने शरीरात आणखी जाणवतं. बाई बोगद्याला घाबरल्या तेवढ्या एका विचारापुरत्या. नंतरची सगळी भीती स्वतःच्या छातीतल्या धडधडीची होती.

हे सगळं समजल्यावर भीती जाईल का? नाही. इथे ‘मनाला समजाव’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ च्या भावनाविषयक पुस्तकात स्वतःवर केलेला एक प्रयोग लिहून ठेवला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ते पफ ॲडर या विषारी सापाच्या काचेला तोंड लावून उभे राहिले. काच जाड होती. सापाने झडप घातली तरी मागे हटायचं नाही, असा त्यांचा पक्का निश्चय होता. झडप बसताच ते क्षणार्धात एक-दोन यार्ड मागे उडाले. डार्विन यांच्यासारख्या माणसाला जिथे तर्काच्या जोरावर जागेवर उभं राहता आलं नाही, तिथे भाताणच्या बोगद्यात अडकलेल्या बाईंना ‘अगं, उगीच काय घाबरतेस’ म्हणून काय होणार? मेंदूचा हा भाग अनुभवाने शिकतो, व्याख्यानाने नाही. आणि बाई त्याला अनुभव कोणता देत होत्या? खोपोलीला उतरले म्हणून वाचले, हा.

या पुस्तकाचा सगळा भर या एका मुद्द्यावर आहे. चिंता वाढते ती सुटकेवर. टाळल्याबरोबर जे हायसं वाटतं, ते सावकाराकडून काढलेलं कर्ज असतं: पैसे लगेच हातात पडतात आणि व्याज पुढच्या प्रत्येक फेरीला चढत जातं. मीटिंगला दांडी मारणारा, रिपोर्टचं पाकीट न उघडणारी, फोन सायलेंटवर टाकून नंतर ‘अरे, पाहिलाच नाही’ म्हणणारा, लग्नात मुद्दाम जेवणाच्या वेळेलाच पोचणारी, हे सगळे आपापल्या खोपोलीला उतरत असतात. यांतलं कोणीही आळशी किंवा भित्रं नसतं. उलट त्यांची मेहनत पाहून थक्क व्हायला होतं. बोगदा टाळायला बाईंनी नकाशे, वेळापत्रकं, बहाणे आणि माणसं यांची जी जुळवाजुळव केली होती, तेवढ्यात एखादं स्नेहसंमेलन पार पडलं असतं.

टाळण्याचं एक सभ्य रूपही असतं. बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली ॲगोराफोबिया हे नाव वैद्यकात आणलं. त्यांच्या रुग्णांना मोकळे चौक ओलांडता येत नसत. सोबत कोणी असलं किंवा हातात काठी असली की मात्र ते पार होत. दीडशे वर्षांनंतर काठीची जागा पाण्याच्या बाटलीने घेतली आहे. बाटली, तोंडात आल्याची गोळी, पर्समध्ये जपून ठेवलेली अर्धी तुटकी झोपेची गोळी, स्पीकरवर सतत चालू असलेला बहिणीचा फोन, कायम डावी लेन. यांतली एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते. पण माणूस सुखरूप पोचला की मनात श्रेय बाटलीच्या नावावर जमा होतं, माणसाच्या नावावर नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवण्याला माझा काही आक्षेप नाही, दसऱ्याला माझ्याही गाडीला झेंडूचं तोरण असतं. समोरचं लिंबू-मिरची वाळून पडलं म्हणून गाडी बाहेर काढायचीच नाही अशी पाळी आली, तर मात्र माझ्याकडे यावं.

मग करायचं काय? इथे एका बाईंचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. क्लेअर वीक्स, जन्म १९०३, ऑस्ट्रेलिया. आधी प्राणिशास्त्रज्ञ, सिडनी विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवणारी पहिली स्त्री; वैद्यकाकडे वळल्या त्या बऱ्याच उशिरा. तरुणपणी त्यांना छातीत प्रचंड धडधड होई. डॉक्टरांनी क्षयाचा संशय घेतला आणि बाई आणखी खचल्या. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राने ऐकून घेतलं आणि सांगितलं की खंदकात आमची छाती अशीच धडधडायची, ती भीतीने. तुझीही भीतीनेच धडधडते आहे. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी जे उपचार केले त्यांचा पाया हाच. १९६२ साली त्यांचं सामान्य वाचकांसाठीचं पहिलं पुस्तक आलं. पहिली भीती आपल्या हातात नसते, त्या भीतीची भीती आपण स्वतः घालतो, असा भेद त्यांनी केला. त्यांचा सल्ला थोडक्यात असा, की धडधडीला तोंड द्या, ती असू द्या, तिच्याशी झुंजू नका, वेळ जाऊ द्या. त्या काळच्या मानसोपचाराच्या विद्वानांनी त्यांना फारसं मोजलं नाही. आज चिकित्सालयांत जे शिकवलं जातं त्यातलं बरंच काही त्यांनी साध्या घरगुती भाषेत आधीच लिहून ठेवलं होतं.

आपल्या बाईंकडे परत येते. आम्ही सुरुवात बोगद्यापासून केली नाही. आधी जिने भराभर चढून मुद्दाम छाती धडधडवायची आणि तशाच पार्किंगमध्ये उभ्या गाडीत, काचा वर करून, बसून राहायचं. धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीराला बसल्या जागी कळावं म्हणून. मग सोसायटीबाहेरचा सिग्नल, मग गर्दीच्या वेळेचा भुयारी मार्ग, मग कामशेतचा बोगदा पार करून लोणावळ्याहून परत. प्रत्येक फेरीआधी त्या एका वहीत लिहायच्या: काय होईल असं वाटतं आणि किती टक्के खात्री आहे. ‘चक्कर येईल, ८० टक्के.’ परत आल्यावर खाली लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. भीती वाटली की नाही याला वहीत रकानाच नव्हता. हे मुद्दाम. भीती न वाटण्याची वाट पाहणारा माणूस दर अर्ध्या मिनिटाने आत डोकावून पाहतो, ‘वाटतेय का?’ आणि पाहिलं की ती असतेच. बाटली आधी मागच्या सीटवर गेली, मग डिकीत. नवरा आधी मागच्या सीटवर गेला, मग घरी राहिला. तो डिकीत बसत नव्हता म्हणून, असं त्या स्वतःच हसून म्हणाल्या. आता त्या भाताणमधून जातात. छाती अजूनही कधीकधी धडधडते.

रस्त्यावर असताना झटका आलाच तर काय करावं याचं वेगळं प्रकरण आहे, पण एक गोष्ट इथेच सांगते, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक बाजूला ठेवणारेही असतात. एक्स्प्रेसवेच्या कडेला, कुठेही, एकदम गाडी थांबवू नका. तुमच्या धडधडीने तुम्हाला काही होणार नाही, पण कडेला उभ्या गाडीवर मागून येणारा ट्रक खरा असतो. वेग थोडा कमी करा, इंडिकेटर देऊन डाव्या लेनला या, स्टिअरिंगवरची पकड सैल करा, नजर बोनेटवर नको, लांब पुढच्या रस्त्यावर ठेवा, श्वास सावकाश सोडत राहा. थांबायचंच असेल तर पुढचा पेट्रोल पंप किंवा फूड मॉल गाठून थांबा, चहा प्या आणि त्याच रस्त्याने पुढे जा. परत फिरू नका.

गाडीची भीती म्हणून येणाऱ्या सगळ्यांचं दुखणं मात्र एक नसतं. अपघात होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी: त्यांना ब्रेकचा आवाज आला तरी तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहतो आणि त्यांच्यावरचे उपचारही त्या आठवणीवर व्हावे लागतात. काहींना उपचारांची गरजच नसते, सरावाची असते. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असताना आठ काढून लायसन मिळालं, त्यानंतर गाडीला हात लागला नाही. चढावर हाफ क्लच धरताना गाडी मागे येते आणि मागचा रिक्षावाला हात बाहेर काढून सुनावतो. अशा माणसाला वाटणारी भीती ही अगदी योग्य माहिती असते. त्याने माझी फी शिकवणाऱ्याला द्यावी. पुण्यात वर्षानुवर्षं स्कूटर सफाईने चालवणाऱ्या पुष्कळ बायका चारचाकीपाशी अडतात, त्याचं कारण मात्र मला सरावात दिसत नाही. स्कूटर केव्हाही कडेला घेता येते, पाय जमिनीला टेकतो आणि शेजारच्या सीटवर कोणी नसतं. चारचाकीत शेजारी नवरा हवेत ब्रेक मारत असतो, मागे सासरे ‘सूनबाई, सावकाश’ म्हणत असतात आणि गाडी बंद पडली की तिघेही एकदम गप्प होतात. त्या गप्प बसण्याची भीती बोगद्याच्या भीतीपेक्षा मोठी असते, असं अनेकींनी मला सांगितलं आहे. इथे उपचार नवऱ्यावर करावे लागतात.

आणि एक प्रकार असा, ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. गाडी खड्ड्यात आदळते. आपल्या रस्त्यांवर, रंग उडालेल्या स्पीडब्रेकरांवर, ती दर किलोमीटरला आदळते. ‘खड्डाच होता ना? कोणाला उडवलं तर नाही?’ आरशात पाहिलं, काही दिसलं नाही. पण नीट पाहिलं का? पुढचा यू-टर्न घेऊन तो माणूस परत येतो, त्या खड्ड्यापाशी गाडी हळू करतो, कडेचं गवत पाहतो. पुन्हा निघतो. परत येताना तर कोणाला धक्का लागला नसेल? रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून बंपर तपासतो, सकाळी पेपरातलं स्थानिक अपघातांचं पान आधी उघडतो. कात्रज ते देहूरोड बायपासवर अर्ध्या तासाच्या वाटेला दोन-दोन तास लावणारा, अत्यंत सावध आणि सज्जन ड्रायव्हर मी पाहिला आहे. हा मंत्रचळाचा आजार आहे आणि तपासणं हे त्याचं खाद्य. लंडनचे व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दाखवलेली वाट आजही वापरली जाते: शंका येऊ द्यायची आणि तपासायला जायचं नाही. यू-टर्न घ्यायचा नाही. वाचायला सोपं आहे. त्या माणसाला ते करताना पाहिलं की धैर्य कशाला म्हणतात ते कळतं.

हीच तपासणी गाडीबाहेर पाहा. ‘पोचलास की फोन कर’ हे आपल्याकडे निरोपाचं वाक्यच आहे आणि त्यात माया आहे. पण आता लाइव्ह लोकेशन आलं. लातूरच्या आईला पुण्यातल्या मुलाचा निळा ठिपका हडपसरला वीस मिनिटं का थांबला, हे रात्री साडेअकराला पाहता येतं. सांगलीत बसून न्यू जर्सीतल्या बर्फाचा अंदाज पाहिला जातो. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर अजून कपाटाच्या वरच्या खणात असतो आणि ९८ चं ९७ झालं की बोट बदलून पुन्हा लावला जातो. प्रत्येक पाहणीने क्षणभर हायसं वाटतं. खोपोलीचा इंडिकेटर तो हाच. अमेरिकेतले टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली सुचवलेला उपाय अशा घरांत मी पुष्कळदा वापरते: काळजीला दिवसातला ठरावीक अर्धा तास, ठरावीक जागा द्यायची, एरवी ती आली की ‘साडेपाचला’ म्हणायचं आणि हातातलं काम पुढे न्यायचं. साडेपाचला बसल्यावर निम्म्या काळज्या आठवतच नाहीत, अशी कबुली बहुतेक जण थोड्या नाराजीनेच देतात.

रस्त्याची भीती निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो; त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाने. गंमत अशी, की माझ्याकडे येणारे लोक अतिवेगाने जात नाहीत. घाटात वळणावर ओव्हरटेक करणारा माझ्याकडे कधीच येत नाही. त्याला थोडी भीती वाटायला हवी होती.

विवेकाने भीतीशी बोलण्याची परंपरा मराठीत नवी नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास उभी केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली आणि त्या पुस्तकांवर वाढलेली एक पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. त्यांतले काही वाचक मला भेटतात. ‘मला माझे अविवेकी विचार पाठ आहेत, तरी मी लिफ्टने जात नाही,’ असं सांगतात. त्यांना मी एलिस यांचाच किस्सा सांगते. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला ते इतके घाबरत, की त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायचंच असं ठरवलं आणि महिन्याभरात शंभर जणींशी ते बोलले. भेटायला येते म्हणाली एकच आणि तीही आली नाही. पण भीती गेली. उपचारपद्धती नंतर आली, बाक आधी.

डॉक्टरांकडे कधी जावं? पहिल्यांदाच छातीत दुखलं, विशेषतः चालताना किंवा जिना चढताना, तर हे पुस्तक मिटून आधी ईसीजी काढून घ्या. थायरॉइड वाढलं तरी हात थरथरतात, धडधड होते. चहा-कॉफीचे सात-आठ कप पोटात गेले तरी होते. ते तपासून झालं आणि तरीही भीतीने नोकरी, शिक्षण, झोप किंवा नातीगोती कुरतडायला सुरुवात केली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. जवळपास कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

औषधांबद्दल दोन टोकांची माणसं भेटतात. एकांना गोळी म्हणजे कमीपणा वाटतो. दुसऱ्यांच्या पाकिटात अल्प्राझोलामची पट्टी कायम असते, कोण्या नातेवाइकाला लिहून दिलेली. ही गोळी अर्ध्या-एक तासात शांत करते आणि नेमकी तीच तिची अडचण आहे. सवय लागते, गुंगी येते, ती घेऊन गाडी चालवणं धोक्याचं असतं आणि दीर्घकाळ घेतल्यावर मनाने एकदम बंद करणं त्याहून धोक्याचं. दीर्घकाळच्या चिंतेवर डॉक्टर बहुधा वेगळ्या गटातली औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात तर थोडी अस्वस्थता वाढतेसुद्धा. हे आधी सांगितलेलं नसलं की लोक चौथ्या दिवशी गोळ्या कचऱ्यात टाकतात.

पुस्तक वाचायच्या क्रमाबद्दल थोडं. चौथं, पाचवं आणि सहावं प्रकरण गाडीचं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही ती वाचावीत आणि बोगद्याच्या जागी आपली लिफ्ट, आपली मुलाखत, आपलं एमआरआयचं मशीन ठेवावं. व्यायाम तेच राहतात. गाडी शिकणाऱ्यांच्या घरच्यांनी सहाव्यातली शेवटची चार पानं तरी वाचावीत, ती त्यांच्याचसाठी आहेत. वहीचे रकाने परिशिष्टात छापले आहेत, त्यांची झेरॉक्स काढायला हरकत नाही. औषधांचं प्रकरण एका मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून दिलं आहे आणि त्यात मात्रा मुद्दामच छापलेल्या नाहीत.